उघडी भट्टी आणि झाकलेली भट्टी

थंडी पडू लागली की जळगाव जिल्ह्यात भरताच्या पार्ट्यांना ऊत येतो. बामणोद-आसोद्याकडची ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी शेताच्या बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात, तिथल्या तिथे सोलून ठेचतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वा पुरीबरोबर पानावर घेतात. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वास्तविक वांगी मुंबईच्या मंडईत मिळतात, आणि पाककृतीही काही गुप्त नाही. असे असूनही मुंबई-पुण्याची मंडळी चारशे किलोमीटरचा प्रवास करून ते भरीत खायला येतात. याचे कारण उघड आहे. तो जाळ, तो धूर आणि वांगे पिकविणाऱ्याच्याच हातून मिळणारा तो घास ट्रकमध्ये घालून दूर पाठविता येत नाही. एरव्ही माल गिऱ्हाईकाकडे जातो. येथे गिऱ्हाईकालाच मालाकडे यावे लागते.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले ते एका वेगळ्याच पदार्थाचे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात राहिलेली खानदेशातील मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हल्ली ‘क्राफ्ट बिअर’ हा शब्द वारंवार डोकावतो. जेथे बिअर तयार होते तेथेच ती पेल्यात मिळते, अशा छोट्या बिअरघरांचे ते मोठे कौतुक करतात. वडीलधाऱ्यांना त्यात पोराचे बिघडणे तेवढे दिसते आणि पोराला वडिलांचे जुनाटपण. मद्याविषयी बोलताना आपला सुशिक्षित मध्यमवर्ग एक तर नाक मुरडतो, नाही तर मिटक्या मारतो. पण एखादे बिअरघर मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे का वाटते, हा प्रश्न नीट विचारला तर तो पेल्यापाशी थांबत नाही. तो शेती, पाणी, कायदा यांतून फिरत थेट सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत जाऊन पोचतो.

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ या नावाने अशी भट्टी सुरू झाली आणि महाराष्ट्रातील या धंद्याचा आरंभ साधारणपणे तेथून मानला जातो. तीत चालणारी क्रिया मुळात अगदी साधी आहे. मोड आणून वाळविलेले सातू भरडतात, ते कोमट-गरम पाण्यात ठेवून त्यातील पिठूळ अंशाची साखर होऊ देतात, तो गोड काढा हॉप नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळतात, थंड करून त्यात यीस्ट सोडतात आणि एक-दोन आठवडे आंबू देतात. आपल्या घरी नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आजीला यातील पहिली पायरी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. मोठ्या कारखान्यात हेच द्रव्य पुढे गाळतात, जंतू मरावेत म्हणून तापवितात, बाटलीत भरतात आणि महिनोन्‌महिने टिकवितात. छोट्या भट्टीत बहुधा यांपैकी काहीच करीत नाहीत. टाकीतून नळाला, नळातून पेल्याला. म्हणूनच ते पेय ताजे असते, आणि म्हणूनच ते फार दिवस टिकत नाही. त्याचे नाशवंत असणे हेच त्याचे भांडवल होय.

तिथली काचेआडची तांब्याची किंवा पोलादाची भांडी शोभेसाठी ठेवलेली असतात, असे अनेकांना वाटते. काही ठिकाणी ते खरेही असेल. तशी ठिकाणे गाडीभाडे खर्चून पाहण्याच्या लायकीची नाहीत. परंतु चांगल्या ठिकाणी ती भांडी म्हणजे एक प्रकारची जबाबदारीच असते. बनविणारा समोर उभा असतो. या खेपेला आंबटपणा का वाढला, कोणते धान्य वापरले, उकळ किती तास दिली, हे त्याला विचारता येते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. आता याच्या शेजारी आपल्या जिल्ह्याच्या गावांतील परमिट रूम ठेवून पाहा. काळ्या काचा, जाड पडदा, मंद दिवा आणि दूरच्या औद्योगिक वसाहतीतून आलेली बाटली. पिणाऱ्याला बनविणारा ठाऊक नसतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला पिणारा दिसता कामा नये, अशीच सारी रचना असते. एक जागा बघण्यासाठी बांधलेली आहे, दुसरी लपण्यासाठी. लपून पिणारा भरभर पितो आणि अधिक पितो, हा अनुभव दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनीही नाकारलेला नाही.

परदेशांतील अनुभव याच दिशेचा आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांच्या एकसुरी बिअरला कंटाळलेल्या गिऱ्हाइकांनी १९७१ मध्ये ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही चळवळ उभारली. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये घरगुती बिअर बनविण्यास मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्या अवाढव्य देशात बिअर बनविणाऱ्या कंपन्यांची संख्या शंभराच्याही आत आली होती. आज तेथे नऊ हजारांहून अधिक भट्ट्या आहेत. मक्तेदारीच्या छातीवर इतके छोटे उत्पादक उभे राहिल्याची उदाहरणे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फार थोडी सापडतील.

मात्र ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारताना सावध राहिले पाहिजे. पुण्याच्या पेल्यात पुण्याचे काय असते? सातू येतात ते मुख्यतः राजस्थान-हरियाणाच्या बाजूने किंवा परदेशातून, हॉप तर बव्हंशी युरोप-अमेरिकेतून. राहता राहिले पाणी, मजुरी आणि जागेचे भाडे. अशा बिअरघराला स्थानिक म्हणणे म्हणजे सुरतेचे कापड धुळ्याच्या शिंप्याने शिवले म्हणून त्याला धुळ्याचे कापड म्हणण्यासारखे आहे. शिंप्याची कारागिरी खोटी नाही, पण कपाशी पिकविणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

या बाबतीत नायजेरियाचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या देशाने १९८८ पासून सातूच्या माल्टची आयात बंद केली. कारखानदारांनी हाकाटी केली की आता बिअर संपली. प्रत्यक्षात त्यांना ज्वारीकडे वळावे लागले आणि बिअर ज्वारीपासून होऊ लागली. पुढे आयातबंदी उठली, तरी ज्वारी गेली नाही. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारीचे आंबवलेले पेय पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होत आले आहे. ज्वारी ही खानदेशाला काही नवी नाही. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत ती कपाशी आणि केळीपुढे मागे हटत गेली, याची कारणे बाजारात आहेत; तिला भाव नाही. उद्या जळगावात किंवा धुळ्यात कोणी असे बिअरघर काढलेच, तर ते जाऊन पाहण्याजोगे आहे की नाही याची पहिली कसोटी हीच राहील: त्याच्या कोठीत चोपडा-शिरपूरची ज्वारी आहे, की बंदरातून आलेले पोते? केळीची गोष्टही हीच. जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले, पण हंगामात भाव कोसळला की रावेर-यावलच्या शेतकऱ्याला घड गुरांपुढे टाकावे लागतात. त्या केळीचे पेल्यात काय होऊ शकेल, हे तिच्या पिकवणाऱ्यांच्या प्रदेशात करून पाहण्यासारखे आहे.

पाण्याचा हिशेबही चुकवून चालणार नाही. एक लिटर बिअरमागे भांडी धुण्यासकट चार-पाच लिटर, आणि छोट्या भट्टीत त्याहूनही अधिक पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता. ज्या शहरांत नळाला काही काही दिवसांआड पाणी येते, तेथे बिअरघराच्या मालकाला शेजाऱ्यांच्या हंड्यांकडे पाहूनच आपली टाकी भरावी लागेल.

आता धुळ्याहून उत्तरेकडे वळू. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत एक भट्टी शतकानुशतके चालू आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटपा गळतात. सूर्य वर येण्याच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुले वाळवून ठेवतात. ती उकडून खातात, भाजून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यांच्यावर पोट भरतात. त्यांतलीच काही पाण्यात भिजवून आंबवतात, मडक्यात उकळतात आणि वाफ नळीने गार भांड्यात उतरवितात. इंदलसारख्या सणाला पहिली धार देवासाठी जमिनीवर सोडतात, मग माणसांचा वाटा. लग्न असो, मर्तिक असो, पंचांनी मिटविलेले भांडण असो, मोहाच्या घोटावाचून व्यवहार पुरा होत नाही. क्राफ्ट बिअरच्या जाहिरातींत जे जे गुण सांगितले जातात ते सर्व येथे आहेत. कच्चा माल पन्नास पावलांवरच्या झाडाचा, बनविणारी ओळखीची, माल ताजा, चव दर घरची निराळी. एकच गोष्ट नाही, ती म्हणजे परवाना.

पुण्यातील जी कृती कला म्हणून गौरविली जाते, तीच धडगावात गुन्हा ठरते. या विषमतेची मुळे ब्रिटिश अमदानीत आहेत. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या बंद करून मद्यनिर्मिती ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे वळविली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे मोहाची नुसती फुले बाळगण्यावरच बंधने आली. हेतू नीतीचा सांगितला गेला. खरा डोळा महसुलावर होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हेतू प्रामाणिक केला, पण फुलांवरचा पहारा उठविला नाही. तो कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. त्याच्या आधाराने राज्य वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक अबकारी उत्पन्न मिळविते, आणि त्याच्याच आधाराने पाड्यावरची मडकी फुटतात. सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. एकाच फलाटाच्या एका टोकाला जे परवान्याने चालते ते दुसऱ्या टोकाला गुन्हा होते. प्रवासी या गमतीवर हसतात. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला ती गंमत म्हणून आलेली नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग मोहाची दारू खुली करा, म्हणजे झाले. प्रश्न इतका सोपा नाही, आणि तो सोपा नाही हे खानदेशाइतके दुसऱ्या कोणत्या प्रदेशाने दाखवून दिले असेल असे वाटत नाही. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदा तालुक्यातील मोरवड येथे १९३७-३८ मध्ये गुलाम महाराजांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमू लागले आणि दारू सोडल्याच्या शपथा घेऊ लागले. सरकारी खलित्याने जे साधले नव्हते ते एका भिल्ल संताच्या शब्दाने घडले. पुढे १९७२ च्या दुष्काळात शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे प्रेरणास्थान. १९७४ मध्ये ते अकालीच गेले. जमिनी परत मिळाव्यात, सालदारांना नीट मजुरी मिळावी, यांसाठी तो लढा होता. पण शिबिरात बोलण्याची संधी मिळताच बायकांनी विषय काढला तो दारूचा आणि मारहाणीचा. मग त्या गावोगाव निघाल्या, गुत्त्यांत शिरल्या आणि त्यांनी भट्ट्यांची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी चारचौघांत जाब विचारला.

अबकारी शिपायाने फोडलेले मडके आणि शहाद्याच्या बाईने फोडलेले मडके यांत महदंतर आहे. शिपाई महसुलासाठी किंवा हप्त्यासाठी फोडीत होता. बाई फोडीत होती कारण तिच्या रोजगाराचे पैसे त्या मडक्यात जात होते आणि रात्री तिच्या पाठीवर उमटत होते. सणाला जमिनीवर पहिली धार सोडणारी दारू निराळी आणि मजुरीच्या दिवशी शेताच्या वाटेवर उधारीने मिळणारी निराळी. पहिलीची सूत्रे पाड्याकडे होती, दुसरीची गुत्तेदाराकडे. मोहाची फुले हंगामात मातीमोलाने घेऊन पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत विकणारा व्यापारीही याच साखळीतला. सबब त्या बायकांना मोहाच्या शत्रू समजणे भाबडेपणाचे होईल. त्यांनी नाकारला तो आपल्याला न विचारता दाराशी आणून ठेवलेला धंदा.

झाकलेल्या भट्टीची दुसरी किंमत शहरांनी मोजली आहे. विक्रोळीला २००४ मध्ये, मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत ती संख्या शंभरावर गेली. मरणारे सारे गरीब वस्तीतले. ज्याला बनविणारा दिसत नाही त्याच्या पेल्यात मिथेनॉल येऊ शकते. शेदोनशे रुपये जादा मोजू शकणाऱ्यालाच डोळ्यांनी पाहून पिण्याचा हक्क मिळावा, हा न्याय विचित्र आहे. पुण्यातल्या एका मोठ्या पेल्याची किंमत शहाद्याच्या शेतमजुराच्या दिवसभराच्या मजुरीच्या आसपास जाते, हेही येथेच नोंदवून ठेवावे.

गेल्या काही वर्षांत वारे थोडे फिरले आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठविणे, नेणे यांवरील निर्बंध सैल केले. २०२२ मध्ये काजूबोंडे आणि मोहफुले यांपासूनच्या मद्याला ‘देशी’ गटातून काढून ‘विदेशी’ गटात बसविण्याचा निर्णय झाला. सातपुड्याच्या झाडाखालचे फूल प्रतिष्ठा मिळण्यासाठी विदेशी व्हावे लागते, यावर शासकीय शब्दकोशाशिवाय कोणाला हसू आवरणार नाही. गोव्याने याहून सरळ वाट धरली. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये तिला राज्याचे वारसापेय ठरविण्यात आले. काजूच्या हंगामात गावच्या परवानाधारक भट्टीवर निघणारा हुर्राक तर टिकतच नाही. तो प्यायचा तर त्या दिवसांत त्या गावीच गेले पाहिजे. नर्मदेपलीकडे अलीराजपूर जिल्ह्यात मध्य प्रदेश सरकारने आदिवासी बचतगटाला मोहाचे मद्य गाळण्याचा परवाना दिला आणि ‘मोहुलो’ या नावाची बाटली बाजारात आली. झाडे तीच, माणसेही बहुतांशी तीच. फक्त नदी ओलांडली की कायदा बदलतो.

महाराष्ट्रातील नव्या धोरणाचा लाभ कोणाला होणार, हे मात्र भट्टी कोण लावतो यावर ठरेल. यंत्रसामग्री, गोदाम, प्रयोगशाळेचा अहवाल, परवाना-शुल्क यांच्या अटी जर मोठ्या कारखान्याच्या मापाने बेतल्या, तर धडगावची बाई पूर्वीसारखीच पहाटे फुले वेचील, व्यापारी पूर्वीसारखाच काटा लावील, आणि नाशिक-पुण्याच्या सजविलेल्या दालनात कोणीतरी ‘सातपुड्याचा सुगंध’ म्हणून तोच माल मोठ्या किमतीला पाजील. त्या दालनाच्या भिंतीवर वारली चित्रे असतील, याविषयी पैज लावण्यास हरकत नाही. सातपुडा आणि वारली यांचा संबंध काय, हे विचारणारा तेथे कोणी नसेल.

याला पर्याय कायद्यातच दडलेला आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत पोचविला, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दारूचे दुकान बंद होते, हीही तरतूद राज्यात आहे. या दोन्हींची सांगड घालून मोहाच्या भट्टीचा परवाना व्यक्तीला किंवा कंपनीला न देता ग्रामसभेने ठरविलेल्या महिला बचतगटाला द्यावा. उत्पादनाला वर्षाची मर्यादा असावी. उधारीने विक्री नसावी. माल जेथे गाळला तेथेच, दिवसाउजेडी, उघड्या ओसरीवर मिळावा. तपासणीसाठी साधी उपकरणे तालुक्याच्या गावी असावीत, म्हणजे नमुना घेऊन मुंबईपर्यंत जावे लागणार नाही. आणि परवान्याचे नूतनीकरण दर वर्षी गावातील बायकांच्या मतदानाने व्हावे. नको म्हटले तर त्या वर्षी भट्टी थंड.

अशी एखादी ओसरी तोरणमाळच्या वाटेवर उभी राहिली, तर शहाद्याहून वर चढणारा प्रवासी तेथे थांबेल. मोहाचे झाड त्याला समोर दिसेल, मडके दिसेल, गाळणारी बाई दिसेल, आणि ती त्याला दुसरा पेला द्यायचा की नाही हे स्वतः ठरवील. जळगाव-धुळ्यात उद्या निघणाऱ्या बिअरघराच्या मालकाने काचेआडच्या टाक्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी तेथे एक खेप करून यावे.